पान सोपं करायची मेहनत कुणाची?

बारावीचा निकाल लागला की केजच्या बसस्थानकाच्या आसपास एक वेगळाच हंगाम सुरू होतो. फॉर्म भरायचा हंगाम. ऑनलाइन सेंटरच्या दारात चपलांचा ढीग, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कुरकुरणारा पंखा आणि बाकावर आपल्यासारखीच पोरं-पोरी. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. त्यात टीसी, मार्कमेमो, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स. भिंतीवर पाटी असते, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’

आता जरा विचार करा. त्या बाकावरच्या प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. त्याच फोनवर तो रील एडिट करतो, यूपीआयने चहाचे पैसे देतो, मित्राच्या वाढदिवसाचं बॅनर स्वतः बनवतो. मग आपलं नाव, जात, उत्पन्न आणि खाते क्रमांक एवढंच लिहायला तो पैसे देऊन दुसऱ्याच्या खुर्चीमागे का उभा राहतो?

विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘आपल्याला नाही जमत ते. चुकलं-बिकलं तर काय करायचं?’

मला हे उत्तर पटत नाही. रील एडिट करणं फॉर्म भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि ते तुम्हाला जमतं. म्हणजे अडचण तुमच्या डोक्यात नाही, त्या पानात आहे. आज मला त्या पानाबद्दल बोलायचं आहे.

हिरव्या अक्षरांनी केलेला घात

आधी घरातली गोष्ट सांगते. माझा आतेभाऊ केज तालुक्यातल्याच एका खेड्यात राहतो. आत्या आणि मामा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळे घरचे सगळे कागदोपत्री व्यवहार त्याच्याच अंगावर. मागच्या वर्षी त्याने ठरवलं, सेंटरवर जायचं नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज आपणच मोबाइलवर भरायचा. दोन रात्री बसला. सगळी कागदपत्रं चढवली. शेवटच्या पानावर खाली दोन बटणं होती. दोन्ही निळी, एकाच आकाराची, एकमेकांना चिकटलेली. एकावर ‘सेव्ह’, दुसऱ्यावर ‘सबमिट’. त्याने पहिलं दाबलं. वर हिरव्या अक्षरात ओळ आली, माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे. त्याने स्क्रीनशॉट काढून मला पाठवला. ‘ताई, झालं बघ. एक रुपया लागला नाही.’

मीही अंगठा दाखवला. मुदत संपल्यावर कळलं की अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून तसाच पडून आहे.

घरात जो तो त्यालाच बोलला. ‘नीट वाचता येत नाही का?’ मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं की तो स्वतःही तेच म्हणाला. ‘माझीच चूक झाली, ताई.’ त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली, आणि आता तो कुठलाच फॉर्म स्वतः भरत नाही. सेंटरवर जातो.

मी त्याचा स्क्रीनशॉट पुन्हा उघडून पाहिला. त्यात यश सांगणारा हिरवा रंग होता. ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द होता. अजून एक काम बाकी आहे, असं सांगणारं मात्र पानावर काहीच नव्हतं. ज्याने ते पान बनवलं त्याला दोन बटणांतला फरक माहीत होता, कारण त्यानेच ती बनवली होती. माझ्या भावाला तो फरक कुणी दाखवलाच नाही. मग चूक कुणाची?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कुठलंही काम सोपं व्हायचं असेल तर कुणीतरी मेहनत घ्यावीच लागते. पान बनवणाऱ्याने ती एकदा घेतली तर लाखो लोकांचा वेळ वाचतो. त्याने घेतली नाही, तर ती मेहनत नाहीशी होत नाही. ती वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर जाऊन बसते. वेळ, पैसे आणि कधीकधी आख्खं वर्ष, या रूपात.

घरातला सातबारा काढा

डिझाइन म्हटलं की आपल्याला वाटतं हे पुण्या-मुंबईच्या मुलांचं काम. छान रंग, छान फोटो, काहीतरी हलतंय-डुलतंय. त्यामुळे उदाहरण म्हणून मी तुम्हाला कुठलीही चकचकीत वेबसाइट दाखवणार नाही. घरातला सातबारा काढा.

२०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सातबाऱ्याचा नमुना बदलला. जवळपास पन्नास वर्षांनी झालेला तो मोठा बदल होता. आपल्याकडे सातबारा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिकं. पीककर्ज, विमा, अनुदान, वाटणी, भांडण, सगळं त्या कागदावरून चालतं. पण तो वाचता किती जणांना यायचा? आमच्या घरात एकट्या आबांना. बाकीचे तलाठ्याच्या तोंडाकडे बघायचे.

नव्या नमुन्यात काय केलं, ते बघा. खाते क्रमांक पूर्वी ‘इतर हक्क’ या रकान्यात असायचा, म्हणजे नाव एकीकडे आणि त्याचा नंबर दुसरीकडे. आता तो खातेदाराच्या नावासमोर आला. दोन खातेदारांच्या नावांमध्ये एक तुटक रेष आली, त्यामुळे एकाचं नाव कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं ते नजरेला कळतं. मयत खातेदाराचं नाव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा पूर्वी नुसत्या कंसात असायचा. आता कंसासोबत त्यावर आडवी रेष असते, म्हणजे ही नोंद संपली. लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं, पोटखराबा वेगळा आणि खाली एकूण. प्रलंबित फेरफार असेल तर तो स्वतंत्र दाखवलेला. जुन्या फेरफारांचे क्रमांक एका वेगळ्या रकान्यात.

यात कुठे रंगीत फोटो आहे? काही हलतंय का? एकही नाही. माहितीसुद्धा कमी केलेली नाही, उलट थोडी वाढलीच आहे. तरीही कागद वाचायला सोपा झाला. कारण प्रत्येक गोष्ट जिच्याशी संबंधित आहे तिच्याजवळ गेली, आणि जिच्याशी संबंध नाही तिच्यापासून रेघ मारून वेगळी झाली.

यालाच डिझाइनच्या पुस्तकांत दृश्य तत्त्वं म्हणतात. ती कुणाच्या आवडीनिवडीवर ठरलेली नाहीत. आपली नजर कशी चालते, यावर ठरलेली आहेत. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच मांडलं होतं की जवळ असलेल्या आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टींना आपला मेंदू आपोआप एका गटात टाकतो. विचार करायच्या आधीच. आता माझ्या भावाची ती दोन बटणं आठवा. जवळजवळ आणि सारखी दिसणारी. मेंदूने ठरवलं, दोन्ही एकच. त्याने नीट वाचलं नाही असं आपण म्हणतो, पण खरं तर पानानेच त्याला चुकीचं वाचायला लावलं.

भिंतीवरचं दुसरं उदाहरण

‘सोपं म्हणजे कमी’ असा एक गैरसमज आहे. पानावर चारच शब्द ठेवा, बाकी पांढरं सोडा, झालं डिझाइन. तसं असतं तर कालनिर्णय कधीच चाललं नसतं.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय सुरू केलं. आज त्याचं एक पान समोर धरा. तारीख, वार, तिथी, नक्षत्र, सण, उपवास, जयंत्या. एका चौकोनात केवढी गर्दी! तरी तुमच्या आईला संकष्टी कधी आहे ते शोधायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. कारण तारखेचा आकडा सगळ्यात मोठा आहे. लांबून, चष्मा नसताना, पोळ्या लाटतानाही दिसतो. रविवार आणि सुट्ट्या लाल. बारीक माहिती बारीक अक्षरात, ज्याला हवी तो जवळ जाईल. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक चौकोनात मांडणी तीच. जानेवारीत जी गोष्ट जिथे सापडली, ती डिसेंबरमध्येही तिथेच सापडते.

आकाराने महत्त्व दाखवणं, रंगाने फरक दाखवणं, ओळीत मांडणं आणि तीच मांडणी पुन्हा पुन्हा ठेवणं. चांगल्या वेब पेजची निम्मी शाळा या एका पानात आहे.

आणि एसटीची पाटी? तुम्ही स्टँडवर उभे आहात, गाडी धुरळा उडवत वळतेय. तुम्हाला एकच गोष्ट हवी असते, गाडी कुठे चालली. पाटीवर तेच सगळ्यात मोठं. महामंडळाचा इतिहास, घोषवाक्य किंवा कुणाचा हसरा फोटो तुमच्या आणि ‘अंबाजोगाई’च्या मध्ये येत नाही. आता ही पाटी डोळ्यांसमोर ठेवा आणि एखाद्या कॉलेजची वेबसाइट उघडा. आधी पुढे सरकणारे पाच मोठे फोटो, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे संदेश, मग उजवीकडून डावीकडे पळणारी एक ओळ. त्या पळणाऱ्या ओळीत तुमच्या परीक्षेची तारीख असते. बोट लावायला जावं तर ती निघून गेलेली. गाडीची पाटी अशी पळती असती तर आपण किती गाड्या चुकवल्या असत्या?

नियम आहेत, करून दाखवणारेही आहेत

जगात हे ज्यांनी ओळखलं त्यांची उदाहरणं तुम्हाला ठाऊक आहेत. १९९८ मध्ये गूगल आलं तेव्हा याहूसारख्या साइट पहिल्याच पानावर बातम्या, हवामान, मेल, खरेदी असं सगळं मांडून बसल्या होत्या. गूगलने पांढरं पान ठेवलं आणि त्यात एक चौकोन. काय करायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही.

पण ते खासगी कंपनीचं झालं. सरकारचं काय? सरकारला तर शंभर योजना सांगायच्या असतात, हजार कागद मागायचे असतात. २०१२ मध्ये ब्रिटन सरकारने वेगवेगळ्या खात्यांच्या साइट एकत्र करून ‘गव्ह डॉट यूके’ ही एकच साइट सुरू केली. मोठी अक्षरं, काळा मजकूर, पांढरी पार्श्वभूमी. सजावट जवळपास नाहीच. फॉर्म असेल तर एका पानावर साधारण एकच प्रश्न. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्या साइटला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. इमारती, गाड्या, कपडे यांच्या स्पर्धेत एक रुक्ष दिसणारी सरकारी वेबसाइट जिंकली! ती बनवणाऱ्यांची तत्त्वं जाहीर आहेत. सुरुवात लोकांच्या गरजेपासून करा, आणि सोपं करण्याचं अवघड काम आपण करा. मी वर जे म्हणाले ते हेच.

आपल्याकडे असं काही नाही का? आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांगांना वापरता यावं, मोबाइलवर नीट दिसावं, भाषा सोपी असावी, हे सगळं त्यात आहे. जागतिक निकषांनुसार मजकूर आणि त्याच्या मागचा रंग यांच्यातल्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, म्हणजे फिकट करड्यावर पांढरी अक्षरं चालणार नाहीत. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी हे आहेच. पण तुम्ही भर दुपारी रानात उभं राहून मोबाइलचा स्क्रीन वाचायचा प्रयत्न केलाय ना? तिथे आपल्या सगळ्यांचीच नजर अधू होते. बटणाचंही तसंच. अँड्रॉइडच्या सूचनांप्रमाणे बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर हवी. माऊसच्या टोकासाठी केलेलं बटण कुळव धरलेल्या अंगठ्याखाली सापडत नाही.

मग नियम असूनही पानं अशी का? माझ्या मते कारण साधं आहे. पान तयार झाल्यावर ते साहेबांना दाखवलं जातं, मोठ्या स्क्रीनवर, चांगल्या नेटवर. साहेबांना त्यात आपलं खातं, आपला फोटो, आपल्या घोषणा दिसल्या की ते पास. ज्याला तो फॉर्म भरायचा आहे त्या पोराच्या हातात, पाच-सहा हजारांच्या फोनवर, ते एकदा तरी देऊन बघितलं जातं का?

मराठी अक्षरांना जागा द्या

आपल्या पानांची आणखी एक खास अडचण आहे. पान आधी इंग्रजीसाठी बनतं आणि मग त्यात मराठी ओतली जाते.

देवनागरीची बांधणीच वेगळी. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. ‘मूर्ती’ हा एक शब्द लिहून बघा, वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळजवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ठळक केलं की ‘क्ष’, ‘ध्द’सारख्या अक्षरांतली पोकळी भरून जाते आणि काळा ठिपका उरतो. इंग्रजी मथळ्यात अक्षरं लांब लांब ठेवली तर छान दिसतात. तेच मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजीत मोठ्या लिपीतली अक्षरं वापरून मथळा उठावदार करता येतो. आपल्याकडे मोठी आणि छोटी लिपी असा प्रकारच नाही. म्हणून मराठी पानावर महत्त्व दाखवायचं तर अक्षरांचा आकार आणि मोकळी जागा यांचाच आधार.

हे काम आपल्या माणसांनी केलेलं आहे बरं का. आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट केला. विंडोजवर मराठी टाइप करताना तुम्ही तो हजारदा पाहिलाय, फक्त कर्त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट केले, तेही मोफत. कुणीही उतरवून घ्यावेत आणि वापरावेत. म्हणजे चांगलं मराठी अक्षर परवडत नाही, ही सबब आता राहिलेली नाही.

अक्षरांसारखाच शब्दांचाही प्रश्न. शब्दसुद्धा डिझाइनच असतात. ‘जतन करा’ आणि ‘सादर करा’ यांतला फरक किती जणांना पटकन कळेल? ‘अर्धवट ठेवा, नंतर भरेन’ आणि ‘अर्ज पाठवा’ असं लिहिलं असतं तर? पहिलं बटण फिकट आणि दुसरं गडद असतं तर? एका पोराचं एक वर्ष वाचलं असतं. खर्च किती आला असता? काहीच नाही.

आता माझी चूक

दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं, म्हणून माझंही सांगते. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी प्रॅक्टिकलसाठी बातम्यांचं एक वेब पेज बनवलं. काय नव्हतं त्यात! काळी पार्श्वभूमी, चार प्रकारचे फॉन्ट, माऊस नेला की उलटणारे चौकोन, उघडताना गोल फिरणारा आमचा लोगो. वर्गात टाळ्या पडल्या. मी मोठ्या अभिमानाने लिंक केजला पप्पांना पाठवली.

संध्याकाळी फोन आला. ‘बाळा, ते नुसतं गोल गोल फिरतंय. तुझी बातमी कुठंय त्यात?’

सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बघितलं. पान उघडायला इतका वेळ लागला की त्यांनी मधे उठून म्हशीला पाणी दाखवलं. मग उलटणारे चौकोन. मोबाइलला माऊस कुठून आणायचा? माझी बातमी पाचव्या चौकोनामागे होती. दुष्काळात टँकरसाठी थांबणाऱ्या बायकांवर मी दोन महिने खपून लिहिलेली बातमी, माझ्याच वडिलांना सापडली नाही. मी पान सजवलं ते वर्गातल्या टाळ्यांसाठी. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या फोनवर ते उघडेल का, हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

परत जाऊन आम्ही सगळं काढलं. पांढरं पान, एक फॉन्ट, वर मथळा, खाली बातमी, एक छोटा फोटो. वर्गात एकजण म्हणाला, ‘हे काय, अगदीच साधं झालं.’ पप्पांनी मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि फोन करून दोन चुका काढल्या. बातमी वाचल्याशिवाय चुका सापडत नसतात.

‘पण सर्व्हरच डाऊन असतो ना!’

तुमच्यातले काही जण म्हणतील, डिझाइनचं काय घेऊन बसलीस, मुळात साइट उघडतच नाही. खरं आहे. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच आख्ख्या राज्यात सुरू झाले. आधी ते काही मोठ्या शहरांपुरते होते. आपल्याकडच्या मुलांसाठी ते सगळं नवीन, आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. बटणाचा रंग बदलून सर्व्हर सुरू होत नाही, हे मलाही कळतं. पण अनावश्यक फोटो आणि हलती चित्रं काढली की पान हलकं होतं, कमी नेटवरही उघडतं. आणि सर्व्हर डाऊन असेल तेव्हा नुसता पांढरा स्क्रीन दाखवण्याऐवजी ‘अडचण आमच्याकडे आहे, तुमचा अर्ज गेलेला नाही, उद्या पुन्हा या’ एवढं मराठीत सांगणं, हीसुद्धा डिझाइनचीच जबाबदारी आहे. ते दिसलं तर रात्रभर जागणारं पोर निदान झोपेल तरी.

दुसरी शंका यापेक्षा गंभीर आहे. सोपेपणाचा वापर फसवायलाही होतो. एखाद्या शॉपिंग ॲपवर ‘घ्या’ हे बटण मोठं, केशरी, अंगठ्याखाली आणि ‘नको’ मात्र कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीएवढं. तीच दृश्य तत्त्वं, फक्त तुमच्याविरुद्ध वापरलेली. याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांवर बंदी घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे खासगी कंपन्यांना नजर कशी चालते हे पक्कं माहीत आहे. तुमच्याकडून पैसे काढायचे असतील तेव्हा पान कमालीचं सोपं होतं. तुमच्या हक्काचे पैसे तुम्हाला द्यायचे असले की तेच पान अवघड होतं. हे मला खटकतं, आणि तुम्हालाही खटकायला हवं.

आपण काय करू शकतो?

तुमच्यापैकी कितीतरी जण बीसीए, बीसीएस, इंजिनिअरिंग करताय. उद्या यातलीच काही पानं तुमच्याच हातून बनणार आहेत. एखादी ग्रामपंचायत, दूध डेअरी, पतसंस्था, कॉलेजचं गॅदरिंग, कुणीतरी तुम्हाला म्हणेलच, ‘एक साइट करून दे.’ तेव्हा एवढंच करा. पान तयार झालं की ते मित्राला दाखवू नका, तो ‘भारी’ म्हणेल. घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते कधी पाहिलेलं नाही. आई, काका, आजी, कुणीही. फोन त्यांचाच असू द्या. एक काम सांगा आणि गप्प बसा. ‘अगं आई, ते खाली बघ ना’ असं बोलायचं नाही. त्यांचा अंगठा जिथे थांबेल, तिथे तुमचं पान चुकलेलं आहे. ते दुरुस्त करा आणि पुन्हा द्या. याला ना लॅपटॉप लागतो ना कोर्स.

जे तंत्राच्या शाखेत नाहीत त्यांनीही एक करावं. फॉर्म भरताना अडलात तर ‘मला जमत नाही’ म्हणून फोन खाली ठेवू नका. स्क्रीनशॉट काढा. कुठे अडलं, काय समजलं नाही, ते दोन ओळींत लिहा आणि त्या खात्याच्या हेल्पलाइनला, आपल्या कॉलेजच्या कार्यालयाला, नाहीतर आमच्यासारख्या पेपरवाल्यांना पाठवा. खराब रस्त्याचा फोटो आपण लगेच ग्रुपवर टाकतो. खराब पानाचा का नाही? दोन्ही आपल्याच वाटेत आहेत.

सेंटरवाल्या दादांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच केजसारख्या ठिकाणी कितीतरी अर्ज वेळेत जातात. पण ज्या कामासाठी सेंटरला जावं लागू नये म्हणून ते ऑनलाइन केलं, त्याच कामासाठी आपण पुन्हा रांगेत उभे आहोत, एवढं तरी लक्षात घ्या.

माझ्या आतेभावाला मी हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘म्हणजे ती माझी चूक नव्हती?’

नव्हती रे. यंदा अर्ज सुटले की तो पुन्हा स्वतः भरणार आहे. मी शेजारी बसणार आहे, पण बोलणार नाही. फक्त त्याचा अंगठा कुठे थांबतो, ते लिहून घेणार आहे.